अमेरिकेंतील सर्वश्रेष्ठ रॉक वाद्यवृंद कोणता?

इ. स. २०२५ च्या जून महिन्यांत, अवघ्या दोन दिवसांच्या अंतरानें, अमेरिकेंतील दोन वृद्ध संगीतकार निवर्तले. ९ जून रोजीं स्लाय स्टोन गेला आणि ११ जून रोजीं ब्रायन विल्सन. दोघांचेंही वय ८२ वर्षांचें होतें. दोघेही कॅलिफोर्निया संस्थानांत लहानाचे मोठे झाले. दोघांनींही आपल्या सख्ख्या भावंडांना हाताशीं धरून वाद्यवृंद उभारला. दोघांनाही ऐन तारुण्यांत अफाट कीर्ति लाभली, आणि व्यसनामुळें व मनःस्वास्थ्य ढळल्यामुळें दोघांचेंही पुढील आयुष्य विस्कटून गेलें. एवढें साम्य असूनही, अमेरिकेच्या रॉक संगीतांतील सर्वश्रेष्ठ वृंद कोणता हा वाद निघाला म्हणजे विल्सनच्या 'बीच बॉईज'चें नांव पहिल्या दमांत घेतलें जातें, आणि 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन'चें नांव पुष्कळदां कोणी आठवण करून दिली तरच निघतें. असें कां व्हावें, या प्रश्नामागें त्या देशाचा मोठा इतिहास उभा आहे.

असला वाद म्हणजे रिकाम्या वेळचा पोरखेळ, असें प्रौढ माणसांना वाटण्याचा संभव आहे. दोन गवयांत थोर कोण, याचाही कायमचा निकाल आजवर कोठें लागलेला नाहीं. मग गिटारवाल्यांच्या सात-आठ टोळ्यांत तो कसा लागावा? ही शंका रास्त आहे. परंतु निकाल न लागणाऱ्या वादालाही एक उपयोग असतो. वाद घालणारा मनुष्य कोणतें माप हातीं घेतो हें पाहिलें, म्हणजे त्याच्या समाजाला काय मोलाचें वाटतें आणि त्या समाजानें काय नजरेआड केलें आहे, हीं दोन्ही कळून येतात. त्या दृष्टीनें 'बँड', 'रॉक', 'अमेरिकन' आणि 'सर्वश्रेष्ठ' हे चारही शब्द एकेक करून तपासण्यासारखे आहेत.

प्रथम 'बँड' हाच शब्द घ्यावा. रॉक संगीताच्या मानकऱ्यांची नोंद ठेवणारी 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' नांवाची एक संस्था अमेरिकेंत आहे. तिची स्थापना १९८३ सालीं झाली आणि मानकऱ्यांची पहिली यादी १९८६ सालीं निघाली. त्या यादींत गायकवादकांचीं दहा नांवें होतीं: चक बेरी, जेम्स ब्राऊन, रे चार्ल्स, सॅम कुक, फॅट्स डॉमिनो, एव्हर्ली बंधु, बडी हॉली, जेरी ली लुईस, लिटल रिचर्ड आणि एल्व्हिस प्रेस्ली. एव्हर्ली बंधूंची जोडी सोडली तर बाकीचीं नऊही नांवें एकेकट्या माणसांचीं आहेत. वृंद म्हणावा असा त्यांत एकही नाहीं. त्यांच्यामागें साथीदार नव्हते असा याचा अर्थ नव्हे. बडी हॉलीच्या मागें 'क्रिकेट्स' होते, जेम्स ब्राऊनच्या मागें 'फेमस फ्लेम्स' होते. पुढें उभा राहणारा आठवणींत राहिला आणि मागचे विस्मरणांत गेले, इतकेंच. या दोन्ही साथीदार-संघांना त्याच संस्थेनें मान दिला तो २०१२ सालीं, म्हणजे सव्वीस वर्षांनीं. ब्रूस स्प्रिंगस्टीन १९९९ सालीं मानकरी झाला. त्याच्या 'ई स्ट्रीट बँड'ला मात्र २०१४ पर्यंत थांबावें लागलें.

रॉकच्या पहिल्या दहा वर्षांत अमेरिकेनें जगाला दिलीं तीं अशीं एकेकटीं माणसें. चार-पांच जणांनीं मिळून गावें, मिळून वाजवावें, स्वतःचीं गीतें स्वतःच रचावीं आणि सर्वांना मिळून एकच नांव असावें, ही रीत घरोघर नेली ती इंग्लंडांतील लिव्हरपूलच्या चार तरुणांनीं. ९ फेब्रुवारी १९६४ रोजीं 'बीटल्स' अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर प्रत्यक्ष गायले, आणि त्यानंतर गांवोगांवच्या मोटारखोल्यांतून तरुणांचे वृंद निघूं लागले. बीच बॉईजसारखे वृंद त्याआधींही होते. परंतु वृंद हेंच थोरवी मोजण्याचें एकक झालें तें त्या दिवसानंतर. तेव्हां अमेरिकेचा थोर रॉक गायक कोण, असें विचारलें तर उत्तरें चटकन् सुचतात; थोर वृंद कोणता, असें विचारलें कीं मनुष्य अडखळतो. समुद्रापलीकडून आलेल्या मापानें हा प्रश्न विचारला जात आहे, हें त्या अडखळण्याचें एक कारण आहे.

'रॉक' या शब्दाची कथा याहून कडू आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास 'बिलबोर्ड' हें संगीत-व्यापाराचें साप्ताहिक कृष्णवर्णीयांच्या ध्वनिमुद्रिकांची यादी वेगळी छापीत असे, आणि तिचें नांवही त्यांच्या वंशावरूनच ठेवलेलें होतें. १९४९ सालीं तें बदलून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' असें करण्यांत आलें. माल तोच राहिला; वरची चिठ्ठी तेवढी बदलली. १९५१ सालीं मेम्फिस येथें 'रॉकेट एटी-एट' ही ध्वनिमुद्रिका तयार झाली. रॉक अँड रोलचा आरंभ पुष्कळ जण येथून धरतात. ती वाजविली आइक टर्नरच्या 'किंग्ज ऑफ ऱ्हिदम' या कृष्णवर्णीय वृंदानें. परंतु तबकडीवर नांव छापलें गेलें तें त्यांतलाच गायक जॅकी ब्रेन्स्टन आणि त्याचे 'डेल्टा कॅट्स' यांचें. पुढच्याच वर्षीं 'बिग मामा' थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेनें 'हाउंड डॉग' हें गीत मुद्रित केलें. तें रचलें होतें जेरी लीबर आणि माइक स्टोलर या दोन गोऱ्या तरुणांनीं. १९५६ सालीं तेंच गीत एल्व्हिस प्रेस्लीनें गाइलें आणि जगभर तें त्याचें म्हणून ओळखलें जाऊं लागलें. या संगीताच्या पाळण्याला काळे आणि गोरे असे दोन्ही हात लागले होते. वेगळ्या होत्या त्या याद्या, दुकानांतले कप्पे आणि नभोवाणी-केंद्रें.

पुढें १९६५ च्या सुमारास 'रॉक' हा सुटसुटीत शब्द रूढ झाला, तेव्हां तो बहुतांशीं गोऱ्या गिटारवादकांच्या वृंदांना लावण्यांत आला. कृष्णवर्णीय वृंद त्याच गिटारी आणि तेच ढोल घेऊन उभे राहिले तरी त्यांच्या तबकड्या 'सोल'च्या कप्प्यांत गेल्या. अशा रीतीनें वादाला तोंड फुटण्यापूर्वींच कित्येक उमेदवार दाराबाहेर राहिले.

'अमेरिकन' या शब्दावर फार वेळ घालवावयास नको. जिमी हेंड्रिक्स हा अमेरिकन; परंतु त्याच्या पहिल्या प्रसिद्ध त्रिकुटांतील दुसरे दोघे इंग्रज होते. 'द बँड' या नांवाच्याच वृंदानें अमेरिकेच्या खेड्यापाड्यांचें संगीत इतक्या आपलेपणानें गाइलें कीं त्यांतील पांचांपैकीं चौघे कॅनडाचे होते हें ऐकून आश्चर्य वाटतें. सरहद्दीचें माप येथें फारसें कामाचें नाहीं.

राहिला 'सर्वश्रेष्ठ' हा शब्द. येथें प्रत्येक मापाचा विजेता निराळा आहे. विक्रीचें माप घेतलें तर 'ईगल्स'समोर कोणी टिकत नाहीं. १९७१ सालीं लॉस एंजल्स येथें स्थापन झालेल्या या वृंदाच्या निवडक गीतांचा संग्रह १९७६ सालीं निघाला. अमेरिकेंतील ध्वनिमुद्रण-व्यवसायाच्या संघानें २०१८ सालीं त्याची गणना ३ कोटि ८० लाख केली आणि त्या देशांत सर्वांत अधिक खपलेला संग्रह म्हणून त्याला मान्यता दिली. गोड गळे, निर्दोष स्वरमेळ आणि घोटून गुळगुळीत केलेली रचना हे गुण त्यांत निःसंशय आहेत. परंतु केवळ खप पाहावयाचा तर न्यूयॉर्कच्या 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड'चें नांवच घेतां येणार नाहीं. त्यांची १९६७ ची पहिली ध्वनिमुद्रिका त्या वेळीं फारच थोड्यांनीं विकत घेतली. आणि तरीही पुढील दहा वर्षांत अमेरिकेंत व इंग्लंडांत जे नवे, उग्र वृंद निघाले त्यांपैकीं कितीएकांनीं आपली वाट तेथूनच काढली. विकणाऱ्याचें माप आणि शिकणाऱ्याचें माप यांत एवढें अंतर असतें.

प्रत्यक्ष जलशाचें माप लावणारे लोक 'ग्रेटफुल डेड'ला अग्रमान देतात. १९६५ पासून जेरी गार्सियाच्या १९९५ मधील मृत्यूपर्यंत तीस वर्षांत या वृंदानें दोन हजारांहून अधिक जलसे केले. एकच गीत ते दोनदां सारखें वाजवीत नसत, आणि श्रोत्यांना ध्वनिमुद्रण करून नेण्याची मोकळीक देत. सबंध कारकीर्दींत त्यांचें एकच गीत बिलबोर्डच्या यादींत पहिल्या दहांत पोंचलें, तेंही १९८७ सालीं. पण गांवोगांव त्यांच्या मागें फिरणारा भक्तसंप्रदाय कधीं ओसरला नाहीं. रागाची बढत ऐकण्याची संवय असलेल्या श्रोत्याला या वृंदाचें मर्म लवकर कळेल. त्यांचा ढोलवादक मिकी हार्ट हा उस्ताद अल्लारखांच्या तालविद्येनें भारावलेला होता. मुंबईंत जन्मलेले त्यांचे चिरंजीव झाकीर हुसेन यांच्यासह त्यानें १९७६ सालीं 'डिगा' आणि १९९१ सालीं 'प्लॅनेट ड्रम' या ध्वनिमुद्रिका काढल्या.

सरळ मनाला जाऊन भिडणाऱ्या गीतांचें माप घेतलें तर 'क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल' या लांबलचक नांवाच्या चौघांना मागें सारतां येणार नाहीं. जॉन फोगर्टी, त्याचे दोन शाळासोबती आणि थोरला भाऊ टॉम हे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एल सेरिटो या लहानशा गांवचे. पण गात ते दूरच्या लुइझियानांतील दलदलीचें आणि मिसिसिपी नदीचें. १९६९ या एका वर्षांत त्यांनीं तीन संग्रह काढले. त्यांच्या पांच तबकड्या बिलबोर्डच्या यादींत दुसऱ्या क्रमांकावर चढल्या आणि पहिला क्रमांक एकदांही लाभला नाहीं. व्हिएतनामच्या युद्धांत बड्यांचीं मुलें सुटतात आणि गरिबांचीं धाडलीं जातात, ही तक्रार 'फॉर्च्युनेट सन'मध्यें त्यांनीं अवघ्या अडीच मिनिटांत मांडली. १९७२ सालीं भांडणानें वृंद मोडला. जुन्या गीतांचे हक्क ध्वनिमुद्रण-कंपनीच्या हातीं राहिले, आणि पुढें जॉन फोगर्टीनें स्वतंत्रपणें नवें गीत काढलें तेव्हां त्यानें स्वतःच्याच जुन्या गीताची नक्कल केली असा दावा कंपनीनें लावला. १९८८ सालीं साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत गिटार वाजवून त्यानें आपली बाजू ज्यूरीला समजावून दिली आणि दावा जिंकला. खर्चाचा वाद तर १९९४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

आतां बीच बॉईज. लॉस एंजल्सजवळच्या हॉथॉर्न येथें १९६१ सालीं ब्रायन, डेनिस व कार्ल हे तीन विल्सन बंधु, त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि मित्र अल जार्डिन यांनीं हा वृंद काढला. समुद्राच्या लाटा, मोटारी आणि ऊन हे त्यांच्या आरंभीच्या गीतांचे विषय. पांचांपैकीं लाटांवर स्वार होण्याची कला खरोखर एकट्या डेनिसला अवगत होती, हा भाग निराळा. १९६३ सालीं गाजलेलें त्यांचें 'सर्फिन यू. एस. ए.' हें गीत चक बेरीच्या १९५८ मधील 'स्वीट लिटल सिक्स्टीन'च्या चालीवर बांधलेलें होतें. प्रथम त्यावर बेरीचें नांव नव्हतें. पुढें तें घालावें लागलें. परंतु ब्रायनची प्रतिभा तेथें थांबणारी नव्हती. १९६४ च्या अखेरीस त्यानें दौऱ्यावर जाणें सोडलें आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलींत तो बसून राहूं लागला. तेथून १९६६ सालीं 'पेट साऊंड्स' बाहेर पडलें. एकाकी तरुणाच्या मनाची तळमळ इतक्या नाजूक स्वरमेळांत रॉक संगीतानें पूर्वीं कधीं मांडली नव्हती. बीटल्सपैकीं पॉल मॅकार्टनीनें आपल्यावरील त्याचें ऋण मोकळेपणानें कबूल केलें आहे.

या थोरवींत कोणी वाटा मागूं शकत नाहीं. आणि नेमकी हीच त्यांतली अडचण आहे. 'पेट साऊंड्स'वरील वाद्यें बहुतेक हॅल ब्लेन, कॅरोल के यांच्यासारख्या रोजंदारीवर बोलाविलेल्या कसलेल्या वादकांनीं वाजविलीं आहेत. बाकीचे बीच बॉईज त्या दिवसांत जपानच्या दौऱ्यावर होते; परत आल्यावर त्यांनीं आपापले गळे त्यांत मिळविले. ते गळे अद्वितीय होते यांत शंका नाहीं. पण ती कृति एका मनाची आहे. थोर रचनाकार कोण असा प्रश्न असता तर ब्रायन विल्सनचें नांव घेऊन वाद मिटवितां आला असता. प्रश्न वृंदाचा आहे.

आणि येथें दाराबाहेर राहिलेल्या उमेदवाराला आंत बोलाविणें प्राप्त होतें. स्लाय स्टोनचें खरें नांव सिल्व्हेस्टर स्ट्यूअर्ट. व्हॅलेहो गांवच्या धार्मिक कुटुंबांत, चर्चमधील भजनें गात तो भावंडांसह वाढला. पुढें सॅन फ्रान्सिस्कोकडील एका कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या नभोवाणी-केंद्रावर तो निवेदक झाला, आणि तेथें सोलच्या तबकड्यांमध्येंच बीटल्स आणि बॉब डिलन यांच्या तबकड्या वाजवूं लागला. कप्पे मोडण्याचा त्याचा उद्योग असा वृंदाच्या आधींपासूनच सुरू होता. १९६६ च्या अखेरीस त्यानें आपला व आपला भाऊ फ्रेडी याचा वृंद एकत्र करून नवा वृंद उभारला. त्यांत ट्रंपेट वाजविणारी सिंथिया रॉबिन्सन ही कृष्णवर्णीय स्त्री होती. सॅक्सोफोनवर जेरी मार्टिनी आणि ड्रमवर ग्रेग एरिको हे गोरे होते. बास गिटारवर लॅरी ग्रॅहम होता, आणि थोड्याच काळांत बहीण रोझही येऊन मिळाली. ग्रॅहम पूर्वीं आपल्या आईबरोबर वाजवीत असे. दोघांच्या त्या साथींत ढोलवाला नव्हता, म्हणून तो अंगठ्यानें तारांवर आघात करून ढोलाची उणीव भरून काढी. त्या घरगुती युक्तींतून बास गिटारीची एक नवी वादनपद्धतिच जन्मास आली आणि ती जगभर पसरली.

काळे आणि गोरे, पुरुष आणि स्त्रिया एकाच व्यासपीठावर बरोबरीनें वाजवीत आहेत, असा प्रसिद्ध वृंद त्यापूर्वीं अमेरिकेनें क्वचितच पाहिला असेल. ती बरोबरी संगीतांतही होती. १९६८ सालीं गाजलेल्या 'डान्स टु द म्युझिक'मध्यें एकेक वाद्य आणि एकेक गळा आळीपाळीनें पुढें येतो, आपली ओळख देतो आणि पुन्हा मेळ्यांत मिसळतो. 'एव्हरीडे पीपल' या गीतानें १९६९ च्या फेब्रुवारींत बिलबोर्डच्या दोन्ही याद्यांत, सर्वसाधारण आणि कृष्णवर्णीय अशा दोहोंत, पहिला क्रमांक मिळविला. वीस वर्षें जी भिंत चिठ्ठ्या बदलून जपली गेली, ती त्या गीतानें कांहीं आठवडे तरी ओलांडली.

त्याच उन्हाळ्यांतील दोन प्रसंग शेजारीं शेजारीं ठेवण्यासारखे आहेत. २९ जून १९६९ रोजीं हा वृंद न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तींतील उद्यानांत, मुख्यतः कृष्णवर्णीय श्रोत्यांपुढें गाइला. १७ ऑगस्टच्या पहाटे, उजाडण्यापूर्वीं, तोच वृंद वुडस्टॉकच्या मेळ्यांत लाखो गोऱ्या तरुणांपुढें गाइला. दोन्ही मेळ्यांचें चित्रण झालें होतें. वुडस्टॉकचा चित्रपट १९७० सालीं निघाला, ऑस्कर पारितोषिकास पात्र ठरला, आणि तो मेळा एका पिढीचें प्रतीक होऊन बसला. हार्लेमचीं चित्रफितींचीं भेंडोळीं पन्नास वर्षांच्या आसपास पडून राहिलीं. त्यांवरून तयार केलेला 'समर ऑफ सोल' हा बोलपट लोकांसमोर आला तो २०२१ सालीं. वृंद तोच, उन्हाळा तोच. एक मेळा इतिहासांत गेला आणि दुसरा फडताळांत. श्रेष्ठत्वाचा वाद घालणाऱ्यांच्या स्मरणांत कोणतीं नांवें आधीं येतात, याचा उलगडा या एका गोष्टीनें होण्यासारखा आहे.

या वृंदाविरुद्ध घेतला जाणारा आक्षेप खोटा नाहीं. त्याचा बहर फार थोडा टिकला. १९७० पासून स्लाय जलशांना उशिरां येऊं लागला, कित्येकदां आलाच नाहीं. १९७१ चा 'देअर्स अ रायट गोइंग ऑन' हा संग्रह त्यानें बराचसा एकट्यानें, तालयंत्राच्या साथीवर, मादक द्रव्यांच्या अंमलाखालीं मुद्रित केला. त्याच्या मुखपृष्ठावर अमेरिकेचा ध्वज होता, पण निळ्याच्या जागीं काळा रंग आणि ताऱ्यांच्या जागीं सूर्य. पूर्वींचा उल्हास जाऊन त्यांत एक थकलेली, खोल उदासी आलेली आहे. पुढारी मारले गेले, युद्ध थांबेना, वस्त्या जळाल्या; त्या वर्षांतील देशाची मनःस्थिति इतक्या प्रामाणिकपणें टिपलेली दुसरी ध्वनिमुद्रिका दाखविणें कठीण. परंतु तोंवर वृंद विरत चालला होता. एरिको गेला, मग ग्रॅहम गेला, आणि १९७५ पर्यंत सर्व संपलें.

अल्पायुष्य हा दोष धरला तर मात्र तो सर्वांनाच धरावा लागेल. क्रीडन्सचा बहर चार वर्षांचा. बीच बॉईजचें नांव पुढें कित्येक दशकें चाललें, तरी ज्यासाठीं तें घेतलें जातें तें काम मुख्यतः १९६२ ते १९६६ या काळांतलें. चार-सहा माणसांनीं आपापला अहंकार बाजूस ठेवून एकजीव होणें हीच दुर्मिळ गोष्ट आहे. ती थोडा काळ टिकते, यांत नवल नाहीं. म्हणून 'वृंद' या शब्दाला वृंदाचेंच माप लावावें, आणि 'अमेरिकन' या शब्दाला त्या देशाच्या सर्व लोकांचें. या दोन मापांनीं पाहतां १९६७ ते १९६९ या तीन वर्षांतील फॅमिली स्टोनचा हक्क इतर कोणाहूनही बळकट ठरतो. विल्सनची स्वररचना अधिक सूक्ष्म आहे, फोगर्टीचीं गीतें अधिक रेखीव आहेत, ईगल्सचा खप अनेक पटींनीं मोठा आहे. तें सर्व मान्य करूनही हा निर्णय बदलत नाहीं.

१९९३ च्या जानेवारींत लॉस एंजल्स येथें हॉल ऑफ फेमचा समारंभ झाला. त्या एकाच रात्रीं क्रीडन्स आणि फॅमिली स्टोन या दोन्ही वृंदांचा सन्मान होता. जॉन फोगर्टीनें आपल्या जुन्या सोबत्यांबरोबर वाजविण्याचें नाकारलें. तो दुसऱ्याच वादकांना घेऊन गाइला, आणि त्याचा भाऊ टॉम तर १९९० सालींच वारला होता. फॅमिली स्टोनची मंडळी व्यासपीठावर जमली. स्लाय येईल कीं नाहीं हें कोणालाच ठाऊक नव्हतें. तो अचानक पुढें आला, चार शब्द बोलला, आणि सोबत्यांशीं गप्पागोष्टी न करतां निघून गेला. ज्यांच्या एकत्र वाजविण्याचा तो सन्मान होता, ते त्या रात्रीं एकत्र वाजवूं शकले नाहींत. तबकड्यांवर मात्र ते अजून एकत्र आहेत. ज्या श्रोत्याला या वादांत आपलें मत बनवावयाचें असेल, त्यानें याद्या बाजूस ठेवून 'पेट साऊंड्स' आणि 'स्टँड' या दोन ध्वनिमुद्रिका एका बैठकीस ऐकाव्या, आणि मग हार्लेमचा तो बोलपट पाहावा.